तुपातलं काडतूस

"सोड बे शाक्या. हात सोड, नाईतं हाच दस्ता घालतो तुह्या टाळक्यात."

हे भगवंतराव म्हनला. पोळ्याच्या दिवशी, तोरनाखाली, साऱ्या गावासमोर. बंदुकीचा दस्ता त्याच्या बगलेत अन् नळी माह्या दोन्ही मुठीत, आभाळाकडं तोंड करून. मधात त्याची नात पिंकी, दस्त्याले हात लावून उभी. एकीकडं बैलं, एकीकडं मानसं, अन् सारे दात काढून राहिले होते.

"नाई सोडत, आबाजी. पह्यले पिंकीले बाजूले करा, मंग काय माराचं थे मारा."

मी शाकीब. शाळा आठवीत सोडली. सोडली म्हन्जे, मास्तरनं माह्या गालावर ठेवली, म्या त्याची सायकल विहिरीत ठेवली, मामला बराबर झाला. तवापासून कधी गावात अब्बाच्या वावरात असतो, कधी अकोल्याले मामूच्या दुकानात. बद्रुद्दीन मामू एका शेठच्या दुकानात बंदुका दुरुस्त करते. गाव आमचं मूर्तिजापूरच्या अलीकडं. अमरावतीची गाडी फाट्यावर सोडून देते, तिथून पुढं पाय हायेत देवानं देल्ले.

भगवंतरावची बंदूक एकनळी, मधातून मोडून काडतूस भराची. परवाना रानडुकरासाठी. कागदावर. डुकरं अन् रोही, म्हन्जे नीलगाई, रातभर तुरीत, पऱ्हाटीत जेवतात, सकाळी ढेकर देत निंघून जातात, अन् बंदूक घरात खुंटीले. काहून? तं काडतुसं पोळ्यासाठी राखून ठेवली हायेत. त्याच्या आज्यापासून रीतच हाय तशी. भगवंतरावच्या घरचा बार झाल्याबिगर आमच्या गावात तोरन तुटत नाई अन् बैल पाय उचलत नाई. डुकरं पोळ्याले येत नाईत, एवढीच त्याइची चूक.

बरं, बार काढताना घरातल्या सगळ्यात लहान लेकरानं दस्त्याले हात लावाचा. का, तं बरकत येते. किती आली थे दिसूनच राहिलं. यंदा तोरनाखाली बैलं कमी अन् मोटरसायकली जास्त. एकानं तं ट्रॅक्टरलेच झूल घालून, गेरूनं रंगवून आनला. बैलं कुठी गेले थे सारे जानतात, कोनी बोलत नाई. आमची बी जोडी गेली. अमरावतीहून एक साहेब आलता पाहनी कराले. असे साहेब आजकाल सनासुदीले येतात. मानसं मेली तवा मोजाले आले, आता उरलेले हासतात का नाई थे पाहाले येतात. संगं एक कॅमेरेवाला. साहेबाले हासरा कास्तकार पायजे होता, कॅमेरेवाल्याले रडका, अन् त्या दोघाइचं यावरून पारावर बसून भांडन चालू होतं.

आता तुपाचं सांगतो, कारन सारी भानगड तुपाची हाय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकनी असते. बैलाच्या खांद्याले पळसाच्या पानानं हळद-तूप लावाचं, अन् त्याच्या कानात सांगाचं का उद्या जेवाले या. भगवंतरावच्या घरी बैलासंगं काडतुसाले बी आवतन. पितळी ताटात साऱ्या काडतुसाइले उभं कराचं, हळद लावाची, वरून तूप सोडाचं, निवद दाखवाचा. उद्या त्यातलं एक फुटाचं. बाकीची तशीच तुपकट डब्यात जाऊन बसत. पुढच्या साली पुन्हा ताट, पुन्हा तूप. काडतुसाचं वरचं आंग कागदाचं, जुनं. थे तूप पेते. पेऊन पेऊन डब्यातली काडतुसं अशी फुगली होती का पोळीसंगं वाढली असती तं पाहुना दुसरं मागता.

बैल तुपानं खुश होते का नाई, मले ठाऊक नाई. बारूद होत नाई. बारूदले तूप लागलं का थे चुलीतलं ओलं लाकूड. मागची टोपी फुटते तेवढी. तिच्यात इतकाच दम असते का छर्रे अन् छर्ऱ्यामागचा जाड कागदी डाट जराकसा पुढं ढकलला जाते. बाहीर निंघत नाई. नळीतच बसते. नळीले बूच लागलं.

तं असं झालं. भगवंतरावनं फेटा बांधला, पिंकीचा हात दस्त्यावर ठेवला, नळी लिंबाच्या झाडाच्या शेंड्याकडं केली, साहेबाकडं पाह्यलं, कॅमेरेवाल्याकडं पाह्यलं, अन् घोडा दाबला.

फुस्स.

जुनी चिंधी टरकवावी तेवढा आवाज. बैलाचा कान बी हालला नाई. अन् सारं गाव जे फुटलं हासून. गोवर्धन सरपंच, त्याच्या अन् भगवंतरावच्या घरात जुनं वाकडं, त्यानं तिथीच झडती जुळवली. पोळ्यात एकमेकाची उतरवाले झडत्या म्हनतातच, पन अशी गरम गरम कोनं ऐकली नसन:

वाघ मारीन म्हने बुढा, घोडा दाबे जोरात,
वारा सरला नळीमंदी, बैलं हासली दोरात.

अन् मागून सारे, हर बोला हर हर महादेव.

दुसरी येळ असती तं मीच सगळ्यात मोठ्यानं हासलो असतो. या बुढ्यानं मले त्याच्या संत्र्याच्या बागेतून दगडं मारून हाकललं हाय. पन माहं लक्ष लिंबाकडं होतं. दरसाली बार झाला का लिंबाचा पाला खाली झडते, छर्रे फांद्याइतून जातात म्हनून. यंदा एक पान पडलं नाई. बुढ्याच्या खांद्यावरचा दुपट्टा हालला नाई, म्हन्जे धक्का बी बसला नाई. अन् नळीच्या तोंडातून धूर असा निंघून राहिलता जसा कोनी आळशी मानूस बिडी पेऊन राहिला. आता डोस्कं लावा. छर्रे लिंबात गेले नाईत, खाली पडले नाईत, तं गेले कुठी?

माह्या मामूच्या डाव्या हाताले दोन बोटं कमी हायेत. मामू साऱ्या अकोल्याले सांगते का धारनीच्या जंगलात बिबट्यानं नेली. दर गिऱ्हाइकाले बिबट्या थोडा मोठा होते. मागच्या ईदेले आरजू मामीनं मले खरं सांगितलं. बिबट्या-फिबट्या कोनी नाई. शेठच्या वाडीत चार दोस्ताइसमोर मामूनं बंदूक तपासाले बार काढला, फुस्स झालं, दोस्त हासले, मामूले राग आला, अन् त्यानं लगेच दुसरं काडतूस भरून घोडा दाबला. नळीत बूच होतं. नळी केळीच्या सालीवानी उघडली. तवापासून मामूचा कायदा एकच हाय अन् थो त्यानं माह्या डोस्क्यात टपल्या मारून भरला: आवाज बारका आला का हात थांबव. तोंड आभाळाकडं नाईतं मातीकडं. कधीकधी टोपी सुस्त असते, बार उशिरानं येते, म्हनून मनात कुरानातली एक आयतुल कुर्सी पुरी म्हन, मंग उघड, चेहरा बाजूले ठेवून. काडतूस काढ. नळीतून उजेड दिसला पायजे. नाई दिसला तं दुसरं काडतूस त्या नळीले दाखवूच नको.

म्हनून मी उडी मारून नळी धरली. अन् म्हनून बुढा मले टाळकं फोडाची गोष्ट करून राहिलता.

म्या पह्यले नीट सांगितलं. आबाजी, थांबा जरासं, नळी भरली हाय, पाहू द्या. पन नीट सांगाची मले सवय नाई, अन् नीट ऐकाची त्याले नाई. त्याले वाटलं मी बी हासाले आलो. मागून कोनी तरी बोललं का पोळा आपला, याइले कायचा पोळा. म्या मान वळवून पाह्यलं तं बोलनारा ट्रॅक्टरमागं लपला. आमची जोडी इकाच्या आंधी माहा अब्बा ह्याच तोरनाखाली कासरे धरून उभा राहे, तवा कोनाले सुचलं नाई हे. माहं डोस्कं सटकलं. म्या भगवंतरावले म्हनलं, तुमच्या काडतुसाले बदहजमी झाली, आबाजी, त्याले ओवा द्या.

लोक असे हासले का दोन बैलं बुजले. अन् मले तवाच समजलं का चूक होऊन राहिली. हे सारे जितके हासतील तितका बुढा दुसऱ्या काडतुसाकडं जाईल. गोवर्धनची झडती, माहा ओवा, कॅमेरेवाल्याचं खीखी, सारं मिळून त्याचा हात खिशात ढकलून राहिलतं. तोंड लाल, कानशिलं हालून राहिली. मले लाथ मारून त्यानं नळी हिसकली अन् बंदूक मोडली. रिकामं काडतूस खाली पडलं. त्याच्यासंगं बारूदचे दाने पडले, न जळलेले, पिवळे, एकमेकाले चिकटलेले. त्यानं पाह्यले नाईत. खिशातून दुसरं काडतूस काढलं. तुपानं चकाकत होतं थे.

पिंकीनं दस्त्यावरचा हात काढला नव्हता. तिचा नाक-डोळा नळीच्या बुडापासून वीतभर. पह्यलीत हाय पोट्टी, समोरचे दात पडेल. आजा रागात हाय एवढं तिले समजलं होतं, म्हनून आनखी गच्च धरून राहिलती.

या एकनळीले पुढच्या आंगाले हात धराचं एक लाकूड असते. थे खाली ओढलं का नळी दस्त्यातून सुटून येते. अकोल्याले म्या लय वेळा हेच काम केलं. बंदूक मोडेलच होती, आत काडतूस नव्हतं. म्या लाकूड ओढलं, नळी उपसली अन् पळालो.

बुढ्याच्या हातात नुसता दस्ता राहिला. एका हातात दस्ता, दुसऱ्यात काडतूस. सत्यनारायनाले बसला जसा. एक घडी कोनाले काई समजलं नाई, मंग सारा पोळा माह्या मागं. बैलाइनं पाह्यलं का मानसं पळून राहिली, थे बी निंघाले. तोरन कधी तुटलं, कोनं तोडलं, कोनाले पत्ता नाई. बहुतेक ट्रॅक्टरनं.

मी हापशीवर थांबलो. तिथी माहा दोस्त संघपाल होता, पोळ्यात ढोल वाजवते थो, पानी प्याले आलता. म्या म्हनलं, हाप. त्यानं काई इचारलं नाई. याच्यासाठी मले थो आवडते. म्या नळी उभी धरली, रुंद तोंड वर, अन् पानी सोडलं. नळीत पानी गेलं. खालून आलं नाई. संघपाल हापून राहिला, नळी काठोकाठ भरली, वरून वाहू लागली, अन् खालच्या तोंडातून एक थेंब नाई.

मागून आलेले सारे गपकन थांबले. हासू बंद. गोवर्धन सरपंचाची पुढची झडती तोंडातच राहिली. भगवंतराव धापा टाकत आला, दस्ता बगलेत, पिंकी त्याच्या धोतराले धरून. त्यानं पानी पाह्यलं.

म्या म्हनलं, "आबाजी, हे पानी जिथी अडलं, तिथीच तुमचा दुसरा बार अडला असता. अन् नळी जिथी अडते तिथी फाटते. लिंबात नाई फाटत. इथी फाटते." अन् म्या नळीच्या बुडाशी हात ठेवला. पिंकीचं तोंड जिथी होतं तिथी.

बुढ्याचा रंग उतरला. पिंकीच्या डोस्क्यावर हात ठेवला त्यानं. तवर साहेब पोचला. त्यानं कॅमेरेवाल्याले इचारलं का हे काय चालू हाय, अन् कॅमेरेवाल्यानं सांगितलं, शस्त्राचं जलपूजन, इकडची परंपरा हाय. साहेबानं हात जोडले.

म्या एक सरळ बांबू आनला, समोरच्या तोंडातून घातला, अन् ठोकत ठोकत डाट मागं काढला. पच्चकन पडला. छर्रे, कागद, तूप, सारं एकजीव. हळदीचा वास. म्या थो गोळा साऱ्याइले दाखवला, पोराच्या छट्टीचा पेढा दाखवावा तसा. म्हनलं, आता तरी समजलं?

समजलं ना. जास्तच समजलं. भगवंतरावनं गोळा हातात घेतला, हुंगला, डोळे मिटले, अन् म्हनला, "पाहा रे. तुपानं राखलं माह्या नातीले."

मले वाटलं ऐकन्यात घोळ झाला. नाई. बुढ्याचा हिसाब असा: काडतुसात मरन होतं, तुपानं त्याले आतच धरून ठेवलं. बैलाचं पुन्य. लोक बी माना हलवाले लागले. जे आत्ता हासत होते थे हात जोडून गोळ्याच्या पाया पडले. म्या ओरडून सांगितलं का अरे तूप होतं म्हनूनच अडकलं, तूप नसतं तं लिंबाचा पाला झडला असता अन् तुमी घरी पुरनपोळी खात असता. कोन ऐकते. बुढ्यानं नळी धोतराच्या सोग्यानं पुसली, उजेडाकडं धरून पाह्यली, आरपार दिसलं, खुश झाला. अन् सांगून टाकलं का उद्या लेकराइचा तान्हा पोळा हाय, पिंकीचा लाकडी बैल निंघन, त्याच्या समोर आजचा राहिलेला बार काढतो. पिंकीच्याच हातानं.

नळी साफ झाली, काडतुसं थोडी साफ झाली? डब्यातली सारी त्याच ताटातली. पह्यलं फुस्स झालं तं दुसरं बी होईल, अन् मंग तिसरं भरन का नाई हा? साहेबासमोर नाई थांबला, नातीच्या बैलासमोर थांबन? हे म्या इचारलं, आवाज चढवून इचारलं, अन् मधात असे दोन शब्द गेले जे बुढ्या मानसाले बोलू नये. त्यानं कानफटात देल्ली. अब्बानं दुसऱ्या कानाले धरून घरी नेलं. दोन्ही कान कामी आले. रातभर अम्मी मले समजावत होती का नईमाचा, म्हन्जे तिचाच, लेक बाकी चांगला हाय पन तोंड फाटकं, असं लोक म्हनतात. म्या म्हनलं, तोंड फाटलं तं शिवता येते.

आज सकाळी पार्बताबाई आली. भगवंतरावची बायको. समोरून नाई, मागच्या कुडाकून. पदरात काईतरी गच्च धरेल. अम्मी चहा ठेवाले उठली तं तिनं नको म्हनलं, अन् मले हात पुढं कराले लावला. पदर उघडला तं डब्यातली सारी काडतुसं. वरून एक नारळ बी ठेवला होता. लेकीची ओटी भरतात तशी माही ओटी भरली बुढीनं.

म्या म्हनलं, मोठीमाय, आबाजीले काय सांगसान? बुढी अशी चिडेल होती का कानातले लोंबते हालत होते. म्हने, "वर्षभर माह्या पोळीले तूप नाई, अन् या मेल्या काडतुसाइले दरसाल वाटीभर. सांगीन, मांजरीनं नेली. तूप पाहून मांजर येतेच."

मंग खाल्ल्या आवाजात म्हने, पिंकी रातीच हात धून घेऊन झोपली, उद्या बार काढाचा म्हनून.

माह्या डोस्क्यात पह्यले विहीर आली. पन मामू सांगते, काडतूस विहिरीत नाई, चुलीत नाई, उकिरड्यात बी नाई. उकिरड्यावरचं पोरं उचलतात अन् दगडानं ठोकतात. खराब माल परवानेवाल्या दुकानात द्याचा, थे त्याची वाट लावतात. मामूच्या शेठजवळ परवाना हाय. माह्याजवळ नाई. रस्त्यात कोनी झोळी उघडली तं भगवंतरावच्या तान्ह्या पोळ्याआंधी माहाच पोळा फुटन. हे म्या पार्बताबाईले सांगितलं नाई. अम्मीनं काडतुसं सुटी सुटी कापडात गुंडाळली, एकमेकावर आदळू नये म्हनून, अन् झोळीत वरून ज्वारीच्या भाकरी ठेवल्या. नारळ घरीच ठेवला. म्हने, निदान हा तरी कामाचा हाय.

आता फाट्यावर बसून राहिलो. गावाकून ढोलाचा आवाज येऊन राहिला, संघपालचाच हात हाय थो, मले समजते. पोट्टे लाकडी बैल घेऊन निंघाले असतील. अन् गावच्या रस्त्यानं एक लुना येऊन राहिली, धूर सोडत. वर फेटा दिसून राहिला, अन् समोर उभी एक बारकी पोट्टी, काखेत लाकडी बैल. मांजरीवर कोनाचा इस्वास बसला नाई वाटते. हात दाखवून राहिली थे पिंकी मले, दात नसलेलं तोंड उघडून. तिचे दोन्ही हात इथून बी मोजता येऊन राहिले.

तिकून अकोल्याची गाडी बी आली, ड्रायव्हरनं हॉर्न देल्ला. बुढा पोचाच्या आंधी चढा लागते. चाललो मी, आता निंघतो.